एकतीस नंबरचा बोअर

१ सप्टेंबर १९८६, मुलुंड

वनमाला मुलीला, रेवाला, घेऊन सकाळच्या एसटीने गावी गेली. गणपतीला मी घरी नाही, असं माझ्या एक्केचाळीस वर्षांत पहिल्यांदाच होणार. आईचं कणकवलीहून रागाचं पत्र आलंय. संगणकाचं काम अडलंय म्हणून येत नाही, हे तिला कसं पटणार? घरात बोलायला कुणी नाही, तेव्हा ऑफिसातली एक कोरी वही आणली आहे, तीत लिहितो.

मरोळच्या ऑफिसात मी सतरा वर्षं नकाशे ट्रेस केले. शाईची एक रेघ वाकडी गेली तर ब्लेडने खरवडायची आणि पुन्हा काढायची. मे महिन्यात आमचे मालक चंद्रप्रकाश दिघे यांनी संगणक घेतला आणि ड्रॉइंगमधल्या चौघांना घरी बसवलं. मला का ठेवलं ते त्यांनी सांगितलं नाही. मी तीन महिने जीव तोडून शिकलो. टंकलेखन येत नव्हतं, तेही शिकलो.

काम मोठं आहे. मुलुंडहून घाटकोपरपर्यंत पाण्याचा बोगदा होणार, जमिनीखाली वीस-बावीस मीटरवरून. त्या वाटेवर आमच्या माणसांनी साठ ठिकाणी बोअर मारले. किती मीटर माती, किती मुरूम, कातळ कुठे लागला, याचे आकडे मी यंत्रात भरतो. दोन बोअरांच्या मधली सहाशे फूट जमीन कुणीच पाहिलेली नसते. ती यंत्र स्वतः भरतं. पडद्यावर पहिल्यांदा कातळाच्या रेषा उमटल्या तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. पायाखालचं मला दिसत होतं.

९ सप्टेंबर

चार दिवस नकाशा बिघडत होता. मधोमध, खाडीकडच्या कोळीवस्तीजवळ, विहिरीसारखा गोल खड्डा यायचा. सगळ्या रेषा तिथे जाऊन गुंडाळायच्या. प्रोग्रामच चुकलाय असं वाटून मी दोनदा सगळं पुसून पुन्हा भरलं.

आज नोंदवहीत सापडलं. एकतीस नंबरचा बोअर. कातळाची खोली लवूने २४ लिहिली आहे. शेजारच्या तीस नंबरला ३.१ आणि बत्तीसला २.८. मधेच चोवीस कुठून येणार? टिंब राहिलंय, २.४ असणार. लवू घाडी आमचा बोअर मारणारा मिस्त्री. मालवणकडचा माणूस, हात सोन्यासारखा, पण अक्षर बघवत नाही आणि टिंब द्यायला नेहमी विसरतो. बारा नंबरला तर त्याने ३५ लिहिलं होतं, आणि तो बोअर तीसच मीटरचा.

त्याला विचारायचं म्हटलं तर तो गणपतीला गावी. पत्राला आठवडा जाईल. शुक्रवारी ठेकेदाराबरोबर बैठक आहे.

२.४ केलं. रेषा विंचरलेल्या केसांसारख्या सरळ झाल्या. मग त्याच हिशेबाने सगळी वही पुन्हा पाहिली आणि अशी आणखी पाच ठिकाणं नीट केली. बऱ्याच दिवसांनी भूक लागली.

१२ सप्टेंबर

बैठक झाली. एवढा नकाशा, रंगीत, एका सरळ कागदावर! ठेकेदाराचे इंजिनिअर उभे राहून पाहत होते. मी दिघेसाहेबांना सहा चुका सापडल्याचं आणि ते आकडे बदलल्याचं सांगितलं. कोणत्या ते त्यांनी विचारलं नाही. म्हणाले, तुझी नजर आहे, असंच तपासत जा, आणि तपासल्याची सही तूच करत जा, कारण काम तुझंच आहे. नकाशाच्या कोपऱ्यात त्यांनी माझं नाव छापायला लावलं: संगणकीय नकाशा व तपासणी, श्यामकांत मेस्त्री. साहेबांचं स्वतःचं नाव कुठेच नाही. एवढं मोठं मन मी मालकांमध्ये पाहिलेलं नाही.

एक प्रत वनमालेला दाखवायला घरी आणली आहे.

२ ऑक्टोबर

सुट्टी असून लवू घरी आला होता. गावचे काजू घेऊन. आमचं बोअरचं काम संपलं, आता त्याला बोगद्याच्या ठेकेदाराने फोरमन म्हणून घेतलंय. वनमालेने घावणे केले. खाताखाता तो जुन्या कामाच्या गोष्टी सांगत होता. एका भोकाने त्याला फार पिडलं म्हणे.

"केळीकडचा ता भोक. दोन दिस नुसतो चिखल. कातळाचो पत्तोच नाय."

मग लागला का, असं वनमालेने विचारलं. लागला, म्हणाला, पण तोवर सगळ्या नळ्या संपत आल्या होत्या. आम्ही खूप हसलो. लवूला नंबर आठवत नाहीत. एखादं भोक केळीकडचं, एखादं पिठाच्या गिरणीमागचं. मी नकाशा उलगडून दाखवला. त्याने बराच वेळ पाहिला, बरा आहे म्हणाला आणि हात धुवायला गेला.

१९ नोव्हेंबर

आज पहिल्यांदा बोगद्यात उतरलो. मुलुंडच्या बाजूला, वाटेत मधेच बोगद्यासाठी खणलेल्या विहिरीतून पाळण्यात बसवून खाली सोडतात. फुटलेला दगड भरायचा लोडर चालवणारा भीमराज नावाचा माणूस होता, त्याने स्वतःचं हेल्मेट माझ्या डोक्यावर घातलं आणि म्हणाला की नकाशावाल्याचं डोकं आधी वाचलं पाहिजे. विदर्भातला आहे. मोकळा माणूस.

आतला कातळ मी दाखवला होता तसाच. काळा, घट्ट, ओलसुद्धा नाही. वर ठेकेदाराच्या ऑफिसात माझा नकाशा भिंतीवर लावलाय आणि खोदकाम जिथवर आलं तिथवर रोज लाल पेन्सिलीने रेघ मारतात.

लवू मात्र कुरकुरत होता. पूर्वी प्रत्येक सुरुंगाआधी पुढे लांब नळी मारून जमीन चाचपायचे. नकाशा आल्यापासून ते बंद केलंय, त्यात अर्धी पाळी वाया जायची. दहा मीटरला एकदा तरी मारू द्या असं तो ठेकेदाराच्या इंजिनिअरना सांगत होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, पुढे चारशे मीटर तरी कातळ उत्तम आहे. लवू आपल्या माणसांकडे निघून गेला. जुन्या हाताच्या माणसांना यंत्राचा राग येणारच. मलाही मे महिन्यात यायचा.

८ जानेवारी १९८७

साहेबांनी एका तक्रारीवर पाठवलं. खाडीकडच्या कोळीवस्तीत सोनूबाई म्हणून एक म्हातारी आहे, घाटकोपरच्या बाजारात मासळी विकते. तिच्या अंगणातली विहीर आटली. सुरुंगांमुळे आटली असं वस्तीचं म्हणणं.

"माजे सासूचे लग्नापासून ही इहीर कंदी आटली नाय," ती मला पुन्हापुन्हा सांगत होती. चार दिवसांत पाणी गेलं म्हणे. मी वाकून पाहिलं. खूप खोल, तीस-पस्तीस फूट तरी. वरपासून खालपर्यंत दगडी बांधकाम, तळाला काळा चिखल, त्यात एक घागर रुतलेली. वास येत होता.

मी तिला समजावलं की बोगदा अजून दीडशे मीटर लांब आहे आणि तिच्या घराखाली सात-आठ फुटांवर अखंड कातळ आहे, घर डोंगरावर असल्यासारखं पक्कं आहे. तिच्या सुनेने परसातल्या केळीची दोन पानं कापून त्यात सुके बोंबील बांधून दिले. तक्रार करणाऱ्यांकडून घ्यायला नको होते, पण नाही म्हणवलं नाही.

अहवालात पाऊस यंदा कमी झाल्याचं लिहिलं.

२२ जानेवारी

लवूचा ऑफिसात फोन आला. बोगद्यात खोदकामाच्या समोरच्या भिंतीतून पाणी झिरपतंय, आणि पाणी काळं आहे. हे त्याने तीनदा सांगितलं, काळं आहे. मी साहेबांच्या खोलीत गेलो. ते म्हणाले, नकाशा काय म्हणतो? मी म्हटलं, कातळ. मग झालं, म्हणाले.

एकदा मूळ नोंदवही काढून बघावी असं मनात आलं. ती मरोळच्या गोदामात आहे, किल्ली स्टोअरकीपरकडे, आणि तो आज रजेवर. उद्या बघू.

२६ जानेवारी

झेंडावंदनानंतर साहेबांनी मला बोलावून जुन्या तारखांच्या बारा कागदांवर सह्या घेतल्या. तपासणीच्या सह्या राहून गेल्या होत्या म्हणे. फाइल पूर्ण असलेली बरी. वही बघायची राहिलीच. सोनूबाईच्या घराच्या भिंतीला तडा गेल्याचं दुसरं पत्र आलंय. मला पाठवलं नाही, साहेब स्वतः उत्तर देणार आहेत.

११ फेब्रुवारी

दुपारी अडीच वाजता बोगदा फुटला.

१२ फेब्रुवारी

काल एवढंच लिहिता आलं.

सुरुंगानंतर भीमराज लोडर घेऊन पुढे गेला होता. लवू पन्नास-साठ पावलं मागे. समोरच्या भिंतीतून आधी हाताएवढी धार आली, मग भिंतच राहिली नाही, असं जे वर आले ते सांगतात. काळी माती पाण्यासारखी वाहत आली. लवू ओरडत मागे पळाला आणि त्याने एकोणीस माणसं पाळण्यापर्यंत आणली. लोडरच्या आवाजात भीमराजला ऐकू आलं नसणार. त्याच्याबरोबर रतन नावाचा दिवे बसवणारा होता. दोघेही सापडलेले नाहीत.

वर सोनूबाईचं अंगण, विहीर आणि अर्धं घर खाली गेलं. ती बाजारात होती. सून नळावर. माणूस गेला नाही.

मी तिथे पोचलो तेव्हा पोलिसांनी दोर बांधले होते. खड्ड्याच्या कडेला काळा चिखल चकाकत होता. वास ओळखीचा होता.

माझ्या नकाशात तिथे कातळ आहे.

१४ फेब्रुवारी

गोदामाची किल्ली मागून घेतली. नोंदवही उघडली. २४. टिंबाची जागाच नाही. आकडा घट्ट, स्वच्छ लिहिलेला आहे. मी सप्टेंबरात हाच आकडा पाहिला होता. तेव्हा मला तो गिचमिड का वाटला?

मग पेट्या काढल्या. प्रत्येक बोअरमधून जे वर येतं ते लाकडी पेटीत ओळीने लावून ठेवतात, वरून कितव्या मीटरचं ते लिहून. साठ बोअरांच्या पेट्या सहा महिने माझ्या बसण्याच्या जागेपासून चाळीस पावलांवर होत्या. मी एकही उघडली नव्हती. गरजच काय होती, आकडे होते ना.

एकतीसच्या पाच पेट्या. पहिल्या चारांत काळी माती, वाळून भेगाळलेली, मधेमधे शिंपल्यांचा चुरा. पाचवीत तळाला हातभर कातळ. झाकणावर लवूने मोठ्या अक्षरांत लिहिलंय: केळीकडचा.

मी तिथेच बसलो. स्टोअरकीपरने पाणी आणून दिलं.

१६ फेब्रुवारी

सहाही ठिकाणं तपासली. बारा नंबर माझा बरोबर होता, साडेतीन मीटरवर कातळ आहे. पाच आणि नऊही बरोबर. एकतीस चूक. आणि अठ्ठेचाळीस आणि बावन्नही चूक. अठ्ठेचाळीसला लवूने २१ लिहिलं होतं, मी २.१ केलं. पेट्यांत माती आहे. दोन्ही घाटकोपरच्या बाजूला. बावन्न तर एका शाळेच्या कुंपणाला लागून.

मुलुंडचं काम बंद आहे. पण घाटकोपरकडून समोरून येणारा बोगदा चालू आहे, आणि मुलुंडची माणसं तिकडेच हलवली आहेत. तिथल्या भिंतीवरही माझाच नकाशा.

१७ फेब्रुवारी

साहेबांना सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. दार लावलं. म्हणाले, चौकशी लागली आहे, आता नकाशाबद्दल एक शब्द बोलणं म्हणजे चौकशीत ढवळाढवळ. घाटकोपरचं काम पाणी खात्याचे लोक बघतील. तू दोन महिने गावी जा, आईला भेट. लवूच्या नोंदी गिचमिड असतात हे सगळ्यांना माहीत आहे, ते आपण मांडू.

आपण म्हणाले. मला बरं वाटलं. घरी येऊन वनमालेला सांगितलं की साहेब पाठीशी आहेत.

ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "ते तुम्हाला वाचवत नाहीयेत. आधी लवूभावोजींवर ढकलतील. नाही जमलं तर तुमच्या सहीचे कागद आहेतच. त्या बारा सह्या कशाला घेतल्या होत्या?"

मी तिच्यावर ओरडलो. रेवा बाहेर निघून गेली. आता हे लिहिताना ते कागद डोळ्यांसमोर येतायत. सगळ्यांवरच्या तारखा सप्टेंबरच्या होत्या.

तरी एक गोष्ट साहेबांनी केलेली नाही. चोवीसचे दोन पॉइंट चार मीच केले. मला कुणी सांगितलं नव्हतं.

१८ फेब्रुवारी

गावी गेलो नाही. घाटकोपरला गेलो.

लवू बोगद्याच्या तोंडाशी चहा पीत होता. डोळे सुजलेले. भीमराज परवा सापडला, रतन अजून नाही. मी त्याला बाजूला घेतलं आणि सांगितलं. केळीकडच्या भोकाचा आकडा मी बदलला. वाक्य पाठ करून गेलो होतो, तरी मधे दोनदा थांबलो.

तो मारेल असं वाटलं. त्याने कप खाली ठेवला.

"दोन दिस त्या चिखलात मी हुभो होतंय," तो म्हणाला. "तू माका एकदा इचारलंस काय?"

मी म्हटलं, नाही.

आणखी दोन ठिकाणं आहेत, आणि पहिलं इथून फार पुढे नाही, हे मी सांगितलं. त्याने ठिकाण विचारलं. मी नंबर सांगितला, मग रस्त्याचं नाव, मग शाळेच्या अलीकडची पाण्याची टाकी. टाकी म्हणताच तो उठला.

पाळीच्या इंजिनिअरने आधी ऐकलं नाही. लेखी हुकूम आणा म्हणाला. लवूने त्याच्याशी वाद घातला नाही. तो खाली गेला आणि त्याने काम थांबवलं. माणसं त्याच्या शब्दावर थांबली, कारण त्यांतली निम्मी अकरा तारखेला त्याच्या मागून पळाली होती. मग इंजिनिअरही खाली आला. मीही उतरलो. या वेळी मला कुणी हेल्मेट दिलं नाही, मी खुंटीवरून घेतलं.

समोरची भिंत कोरडी होती. काळा, घट्ट कातळ, अगदी माझ्या नकाशासारखा. लवूने लांब नळी लावली. एक मीटर, दोन मीटर, पांढरी भुकटी. तीन. इंजिनिअर घड्याळ पाहत होता. माझ्या मनात आलं की इथे कातळच असू दे, मी पुन्हा खोटा ठरू दे.

चौथ्या मीटरनंतर मशीनचा आवाज बदलला. नळी लवूच्या हातातून आपोआप पुढे गेली, कुणीतरी पलीकडून ओढल्यासारखी. त्याने ती मागे खेचली तेव्हा भोकातून मनगटाएवढी काळी माती बाहेर आली आणि येतच राहिली.

कुणी ओरडलं नाही. लवूने लाकडी खुंटा ठोकून भोक बंद केलं आणि सगळ्यांना वर जायला सांगितलं. छत्तीस माणसं होती, मी मोजली. तो शेवटी आला. पाळण्यात आम्ही दोघेच होतो, तो माझ्याकडे पाठ करून उभा राहिला.

२७ फेब्रुवारी

आज चौकशीपुढे जबाब दिला. दिघेसाहेबांनी आधीच लेखी दिलंय: मिस्त्रीची नोंद अस्पष्ट होती, संगणकावरच्या माणसाने ती परस्पर बदलली, कंपनीला कल्पना नव्हती. जोडीला माझ्या सह्या. वनमाला म्हणाली होती तसंच झालं.

मी म्हटलं, नोंद अस्पष्ट नव्हती. मूळ वही आणि एकतीसच्या पाचही पेट्या पाहा. आकडा मी बदलला, आणि बदलल्याचं साहेबांना बारा सप्टेंबरला सांगितलं होतं. यावर चौकशीच्या अधिकाऱ्यांनी पुरावा मागितला. मी ही वही दाखवली. त्यांनी ती चाळली आणि ठेवून घेण्याबद्दल विचारलं. मी नकला करून घ्या म्हटलं.

शेवटी त्यांच्यातल्या एका वयस्कर अधिकाऱ्याने विचारलं, या नकाशाच्या किती प्रती काढल्या होत्या? मी आठवून सांगितलं, अकरा. ते कागद उलटत राहिले. मग म्हणाले, आमच्याकडे सात जमा झाल्या आहेत.

माझ्या घरी एक आहे. म्हणजे राहिल्या तीन. एक टेलिफोनच्या भुयारी केबलवाल्यांनी मागून नेल्याचं आठवलं, एक कुठल्याशा इमारतीचा पाया घेणाऱ्या बिल्डरने. तिसरी कुठे गेली ते आठवेना. अधिकाऱ्यांनी लिहून घेतलं आणि पत्रं पाठवू म्हणाले.

बाहेर बाकावर लवू बसला होता, त्याचा नंबर माझ्यानंतर होता. त्याने जागा करून दिली नाही. मी बाकाच्या टोकाला टेकलो. काय विचारतात, असं त्याने समोर बघतच विचारलं. मी तीन प्रतींचं सांगितलं. घाटकोपरनंतर तो पहिल्यांदाच माझ्याकडे वळला.

"मगे बसलंस कित्याक?" म्हणाला.

पावणेचार वाजले होते. टेलिफोनचं दफ्तर सव्वापाचला बंद होतं. मी उठलो.